सुटीच्या दिवशीचे डोळे

माझ्या नवऱ्याचे डोळे कामाच्या दिवशी संध्याकाळी जळत. सुटीच्या दिवशी जळत नसत.

अंघोळ करून तो बाहेर येई, चष्मा लावी, आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्र उघडी आणि थोड्याच वेळात चष्मा काढून डोळे चोळू लागे. आधी उजवा, मग दोन्ही. नाकाच्या दांड्यावर, चष्म्याचे पाय टेकतात तिथे, तांबडे ठसे उमटत. तोंडावर गरम पाणी मारले की आग वाढे. "काहीतरी गेलंय बहुतेक," तो म्हणे आणि मी बॅटरी घेऊन पापणी उलटून पाही. काहीही गेलेले नसे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ॲलर्जी म्हटले आणि थेंब दिले. ॲलर्जी हा निदानातला असा शब्द आहे की तो उच्चारल्यावर डॉक्टर आणि रोगी दोघांचेही समाधान होते आणि कळत काहीच नाही. मी पिण्याच्या पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुना दूषित आहे एवढे म्हणून आमचे भागत नाही. कशाने, कुठून, केव्हापासून, हे सांगावे लागते. कण नाही, पू नाही, ऊन पाण्याने वाढणारी आग आणि त्वचेवर जिथे काही टेकते तेवढ्याच जागी लाली. मिरचीचा अर्क असाच वागतो. तो पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, कातडीत मुरून बसतो आणि उष्णतेने पुन्हा जागा होतो. आमच्या स्वयंपाकघरात त्या दिवसांत मिरचीचे नावही नव्हते, कारण माझे पित्त. म्हणजे ती बाहेरून येत होती. आणि बाहेर, माझ्या माहितीप्रमाणे, मिरचीचा अर्क बाळगणारी एक व्यक्ती माझ्या नवऱ्याच्या अगदी शेजारच्या टेबलावर बसत होती.

तिला मी लिफ्टवाली म्हणत असे, अर्थात मनात. नवरा इमारतींच्या सुरक्षा-तपासणीच्या कचेरीत आहे. आग, जिने, बाहेर पडण्याच्या वाटा हा त्याचा विभाग. ती नव्याने आलेली, लिफ्ट तपासणारी. अर्धवट बांधलेल्या इमारतींत एकटीने जायचे, वरपर्यंत चढायचे, लिफ्टच्या मोटारघरात शिरायचे, हे तिचे काम. एकदा कुठल्याशा मोकळ्या इमारतीत एक माणूस तिच्या मागोमाग लिफ्टमध्ये शिरला आणि नुसता उभा राहिला. बोलला नाही, हात लावला नाही. तिने बटण दाबलेल्या मजल्यावर उतरला नाही आणि तिलाही उतरू देईना. शेवटी कुणीतरी खालून लिफ्ट बोलावली म्हणून दार उघडले. ही हकीगत नवऱ्याने मला जेवताना सांगितली. सांगताना त्याने घास हातातच धरला होता. मी ऐकले, मला तिची कीव आली, खरोखर आली, आणि त्याच क्षणी मला हेही दिसले की माझ्या अशा कुठल्याही हकीगतीला त्याचा घास हातात राहिलेला नाही. प्रयोगशाळेपासून घरापर्यंतची वाट मी रोज तिन्हीसांजेला चालत येते, आणि तीत गुदामांच्या भिंतीलगतचा एक लांबच लांब, निर्मनुष्य पट्टा आहे. तो मी त्याला पूर्वी सांगितला होता. "दुसऱ्या रस्त्याने येत जा की," एवढेच तो म्हणाला होता.

पुढचे काही दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर पेपर स्प्रेखेरीज विषय नव्हता. त्याने वाचन केले होते. धुक्यासारखा पसरणारा फवारा मोठी जागा व्यापतो, नेम धरावा लागत नाही, पण बंद जागेत तो मारणाऱ्यावरच उलटतो. पिचकारीसारख्या धारेचा लांब जातो, वाऱ्याला कमी जुमानतो, पण नेम हवा. तिसरा जेलचा, चिकट, उडत नाही, ज्याच्या तोंडावर बसेल त्याच्याच तोंडावर राहतो. "लिफ्टसारख्या बंद डब्यात जेलच पाहिजे," तो म्हणाला. "धुकं मारलं तर दोघंही खोकत बसतील."

"कोण दोघं?" मी विचारले.

"ती आणि तो माणूस. आणखी कोण?"

तो मला रसायनशास्त्र शिकवीत होता. अर्काची तीव्रता वेष्टणावरच्या मोठ्या आकड्यांवरून ठरत नाही, त्यातल्या झोंबणाऱ्या घटकाच्या प्रमाणावरून ठरते. नळीतला दाब काळाने उतरतो, म्हणून मुदत पाहून घ्यावी. पिशवीच्या तळाशी ठेवलेला फवारा म्हणजे घरी ठेवलेला फवारा. झाकण अंगठ्याने उघडायचे आणि अंगठ्यानेच दाबायचे, तर्जनीने नव्हे, कारण तर्जनीने दाबताना मूठ सैल पडते. सगळे बरोबर होते. मला चूक सापडली असती तर बरे वाटले असते. मत्सराची एक अडचण अशी की त्याला पुराव्याची भूक असते, पण पुरावा चांगला की वाईट हे ठरवण्याची पात्रता नसते. मी मान डोलवीत होते आणि मनात एकच नोंद करीत होते: हे सगळे त्याने आधी तिला सांगितले आहे. मला मिळते आहे ती दुसरी आवृत्ती.

मग एके दिवशी त्याने पिशवीतून एक काळी, बोटभर लांबीची नळी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "तुलाही आणला. तिच्यासाठी घेतला तेव्हाच. तो गुदामांचा रस्ता आहे ना तुझा."

"जेलचा?"

"हो, तोच. सगळ्यांत चांगला."

माझा रस्ता उघडा आहे. तिथे बंद डबा नाही, वर आकाश आहे, कुणी आलाच तर लांबून दिसेल. मला धारेचा हवा होता. लांबूनच थोपवता आला असता. निवड तिच्या लिफ्टसाठी झाली होती आणि मला तिची जोडी मिळाली होती. मी "छान आहे" म्हटले. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर "छान आहे" या दोन शब्दांत काय काय बसते ते ज्याचे त्याला माहीत.

फवाऱ्याची चाचणी मी वेष्टणावर सांगितल्याप्रमाणे घेतली. इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत, वारा पाठीवर घेऊन, भिंतीवर एक छोटा दाब. नारिंगी, चमकदार थेंब भिंतीला चिकटला आणि संथपणे ओघळू लागला. नळीचे तोंड मी कागदाने पुसले, कागद पिशवीत बांधून फेकला, हात भांडी घासायच्या साबणाने दोनदा धुतले. त्यानंतर गुदामांच्या भिंतीलगत येताना मी तो रोज मुठीत धरू लागले. अंगठा झाकणाखाली. दर काही पावलांनी झाकण उघडायचे, मिटायचे, उघडायचे. हाताला सवय हवी, प्रसंगाला हात शोधत बसू नये. समोरून कुणी येत नसे. तरी मी कुणाची तरी वाट पाहत चालले आहे असे वाटे. एका संध्याकाळी माझ्या लक्षात आले की माझ्या डोळ्यांसमोर जो माणूस येतो आहे, ज्याच्या तोंडावर मी नेम धरते आहे, त्याला चेहरा नाही, पण केस लांब आहेत.

मी संशयी स्वभावाची आहे असे आमची वहिनी, म्हणजे माझी मोठी जाऊ, म्हणते. मी तिला सांगते की संशय हा माझा पेशा आहे. पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते स्वच्छ धरायचे नाही, हे सांगण्याबद्दल मला पगार मिळतो. म्हणून नवऱ्याचे मी निरीक्षण सुरू केले तेव्हा मला त्यात वावगे काही वाटले नाही. मी घरी पोचायच्या आधी तो पोचलेला असतो आणि मी दार उघडते तेव्हा न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत असतो. दाराजवळच्या फळीवर त्याचा चष्मा, चष्म्याची डबी, फोन, रुमाल, खुंटीवर कोट. त्याची अंघोळ आटोपशीर असते. तेवढ्या वेळात मी पिशवी खाली ठेवून सगळे पाहून घेई. कोटाचे खिसे, आतले आणि बाहेरचे. डबीतले कापड उचलून खाली काही दडवले आहे का. फोनवर कुणाचे नाव उजळले आहे का. रुमालाला कसला वास आहे का. वास घ्यायचा तो आमच्याकडे शिकवतात तसा, नाकापासून दूर धरून, दुसऱ्या हाताने वारा घालून. पाणी बंद झाले की सगळे होते तसे, घडीवर घडी. मग मी साबणाने हात धुऊन चहा टाकी. कधी काही सापडले नाही. न सापडणे हा पुरावा नव्हे, एवढे मी जाणते. आणि या तत्त्वाचा मी इतका सोयीस्कर उपयोग पूर्वी कधी केला नव्हता. एकदा तो गावाला गेलेला असताना माळ्यावरची त्याची पत्र्याची पेटीही मी कामावरून आल्या आल्या खाली काढली होती. कॉलेजातले सहलीचे फोटो, एक फुटका कंपास. पुन्हा वर ठेवली.

डोळे जळू लागले ते याच सुमारास. आणि मला उलगडले. दोन शक्यता होत्या. पहिली: तो तिला फवारा चालवायला शिकवतो आहे. रिकाम्या इमारतीत, कामाच्या वेळात, तिच्या मुठीवर मूठ, तिच्या अंगठ्यावर अंगठा. "तर्जनीने नाही, अगं, अंगठ्याने". आणि दोघांच्या हाताला लागलेले ते नारिंगी चिकट काहीतरी तो घरी आणतो. दुसरी शक्यता: तिने तो त्याच्यावर मारला. जवळ गेला असेल, आणखी जवळ गेला असेल, आणि तिने मारला असेल. पहिलीत तो प्रेमळ ठरत होता, दुसरीत हलकट. तरी मला दुसरी आवडली. तिच्यात त्याला नकार मिळाला होता. मी कितीतरी वेळ हे चित्र मनात ठेवून भाजी चिरत होते, माझ्या नवऱ्याच्या तोंडावर परक्या बाईने तिखट फेकल्याचे, आणि मला गार वाटत होते. नंतर मात्र सुचले की नकार रोज मिळत नाही. रोज मिळत असेल तर तो नकार नव्हे. पहिली शक्यता उरली.

सुटीचा दिवस हा माझा नियंत्रण-नमुना होता, म्हणजे बाकीचे ज्याच्याशी ताडून पाहायचे तो. सुटीच्या दिवशी तो कचेरीत जात नसे, तिला भेटत नसे आणि त्याचे डोळे जळत नसत. इतका स्वच्छ निष्कर्ष मला प्रयोगशाळेतसुद्धा क्वचित मिळाला आहे.

मी तिला भेटायला गेले. नवरा बाहेरच्या कामावर आहे हे पाहून, दुपारी. ती माझ्या कल्पनेपेक्षा बुटकी निघाली. ढोपराला पॅन्ट फाटलेली, हाताला ग्रीस. "अय्या, ताई तुम्ही? बसा ना! ते नाहीयेत पण. चहा घ्याल? इथला चहा म्हणजे शिक्षा आहे, आधीच सांगते."

"तुम्हालाच भेटायचं होतं. त्या फवाऱ्याबद्दल. यांनी मलाही तोच आणलाय, म्हटलं कसा चालतो ते विचारावं."

"मला विचारताय?" ती हसली. "अहो, मी अजून उघडलासुद्धा नाही." तिने खिशातून काढून दाखवला. झाकणाभोवतीची पारदर्शक पट्टी शाबूत होती. "भीती वाटते. माझ्याच तोंडावर उडाला तर? तुमचे मिस्टर रोज ओरडतात, अगं एकदा चालवून बघ, एकदा चालवून बघ. मी म्हटलं, तुम्ही आहात ना खाली उभे."

"खाली?"

"म्हणजे मोकळ्या बिल्डिंगमध्ये जाताना येतात ना ते सोबत. लिफ्टच्या खाली थांबतात. मी वरून आले की हाक मारते. आमच्या सगळ्या ऑफिसात एवढं कुणी नाही करत, ताई. नशीबवान आहात."

शाबूत पट्टी मी डोळ्यांनी पाहिली होती. परतताना रस्त्याच्या पहिल्याच वळणावर मी ती निकालात काढली: तो दुसरा असेल, नवा घेतलेला असेल. मी रोज लोकांचे दावे तपासते आणि दावेदाराची अशी पळवाट मी कुणालाही खपवू दिली नसती. पण "खाली उभे" हे शब्द माझ्यात रुतले होते. तो तिच्यासाठी खाली उभा राहतो. मान वर करून, अंधाऱ्या पोकळीकडे पाहत, हाकेची वाट पाहत. गुदामांच्या भिंतीच्या टोकाला तो कधी उभा राहिलेला नाही.

त्या संध्याकाळी त्याने डोळे चोळायला सुरुवात केली आणि मी म्हटले, "तिचा हात कुठे कुठे लागतो तुझ्या तोंडाला?"

तो वर पाहू लागला. डोळे लाल, पाणी गालावर आलेले. रडतो आहे असे वाटावे. "काय म्हणालीस?"

मी सगळे सांगितले. मिरचीचा अर्क, कामाचे दिवस, सुट्या, खाली उभे राहणे. मुद्देसूद सांगितले, आवाज चढवला नाही. शेवटी तो म्हणाला, "मी खाली थांबतो हे खरंय. तुला सांगितलं नाही, कारण तू हेच म्हणाली असतीस."

"मग डोळे?"

"डोळ्यांचं मला माहीत नाही गं. तू शास्त्रज्ञ आहेस, तूच सांग." तो उठला. "मी थोडे दिवस दादाकडे जातो. भांडण म्हणून नाही. मला या घरात श्वास घेता येत नाही आणि दिसतही नाही."

तो गेला. त्याच्या पावलांचा आवाज जिन्यात विरला तेव्हा मला जिंकल्यासारखे वाटले, आणि ते फार टिकले नाही. तो परत येणार नाही, असे प्रथमच स्पष्ट वाटले. आणि त्याला कारण मी ठरेन की ती, हे अजून ठरायचे होते. घरात माझ्याखेरीज आवाज करणारे कुणी नव्हते. फळी रिकामी होती. मी दार उघडून आत आले की हात आपोआप फळीकडे जाई आणि तिथे उचलायला काही नसे.

मग वहिनीचा फोन आला. "काय गं, भांडलात का? तो काही सांगत नाही. नुसता वरणभात खातो आणि ऑफिसला जातो."

"रोज जातो ऑफिसला?"

"न जाऊन सांगतोय कुणाला! रोज जातो. आणि ते डोळे डोळे म्हणत होतीस ना तू? काहीही नाही बघ. लख्ख आहेत. मी म्हटलं, भाऊजी, बायकोपासून लांब आलात आणि दृष्टी आली." ती स्वतःच्या विनोदावर खूप हसली.

मी फोन ठेवला. कचेरी चालू होती, ती शेजारच्या टेबलावर होती, तो खाली उभाही राहत असेल, आणि डोळे जळत नव्हते. बदलले होते ते फक्त घर. माझा नियंत्रण-नमुना खोटा होता. कामाचा दिवस आणि सुटी यांत कचेरीखेरीज आणखी काहीतरी वेगळे होते आणि ते मी मोजले नव्हते.

दुपार होती. मी कापसाचे बोळे केले, प्रत्येकाला गोडेतेलाचा थेंब लावला आणि घरातल्या वस्तू पुसून एकेक बोळा जिभेच्या टोकाला लावीत गेले. कुठल्याही उपकरणाइतकी जीभ या कामी चालते. हातांत मोजे होते. सुरुवात त्याच्या बाहेरच्या वस्तूंपासून केली: कामावरचे बूट, शिरस्त्राण, इमारतींत घालायचे जाकीट. काही नाही. मग खुंटीवर राहिलेल्या कोटाचा आतला खिसा. जीभ पेटली. खणात राहिलेली चष्म्याची डबी: आतले कापड, पेटली. त्याच्या टेबलाच्या खणाची मूठ, पेटली. त्याची उशी, नाही. त्याचा कंगवा, नाही. जो विषार त्याच्या हातावरून आला असता तो उशीवर, कंगव्यावर असता. मी काही वेळ त्या बोळ्यांकडे पाहत बसले, मग स्टूल घेऊन माळ्यावर चढले. ती पत्र्याची पेटी त्याने लग्नानंतर उघडलेली नव्हती. तिच्या कडीला मी बोळा लावला. जिभेची आग बराच वेळ गेली नाही.

शेवटी पिशवीतून फवारा काढला आणि झाकण उचलून भिंगाखाली धरले. बाहेरून पुसलेले होते. आत, झाकणाखालच्या खाचेत, जिथे रोज माझा अंगठा जात होता, नारिंगी थर वाळला होता. जेल उडून जात नाही. ती त्याची खुबी, म्हणून तर निवडलेले. मला काहीच झाले नव्हते, कारण काम करताना चेहऱ्याला हात लावायचा नाही हे माझ्या अंगवळणी पडले आहे. आणि तळहाताच्या कातडीला एवढी आग कळत नाही. हात मी रोज धुतले होते. पण नंतर. पाण्याचा आवाज थांबायच्या आत सगळे पाहून व्हायला हवे होते ना.

मी त्याला फोन केला. "कारण सापडलं."

"कशाचं?"

"डोळ्यांचं. माझ्या फवाऱ्याच्या झाकणाखाली जेल राहिलं होतं. तिच्या नाही, माझ्या."

सावधपणे तो म्हणाला, "पण तो तर तुझ्या पिशवीत असतो. माझ्या डोळ्यांत कसं गेलं?"

खुंटी शेजारी आहे, पिशवी तुझ्या कोटाला घासते, असे म्हणता आले असते. ते त्याने मानले असते, रात्री घरी आला असता, आणि फवारा पुसून ठेवला की डोळेही पुन्हा कधी जळले नसते. माळ्यावरच्या पेटीचा त्याला पत्ताही लागला नसता. तो फोनवर वाट पाहत होता. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"तू अंघोळीला गेलास की मी रोज तुझे खिसे, रुमाल, फोन आणि चष्मा तपासत होते," मी म्हटले. "हात न धुता. जेल माझ्या अंगठ्याला होतं, तिथून ते तुझ्या वस्तूंना लागलं आणि तुझ्या डोळ्यांत गेलं. सुटीच्या दिवशी तू दिवसभर घरातच, माझ्या डोळ्यांसमोर असायचास, म्हणून मी तपासत नव्हते."